दुधाच्या पिशवीचे पन्नास पैसे

आरे या सरकारी डेअरीच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या मुंबईतल्या जुन्या पिढीला आठवतात. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. पिशवी आली आणि ही देवघेव संपली. पण पिशवीचा लगेच कचरा झाला असंही नाही. धुऊन, वाळवून, गठ्ठा करून रद्दीवाल्याला किलोवर घालायची रीत घरोघरी होती.

कायदा मात्र प्लास्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी मोजत बसला. १९९९ च्या केंद्रीय नियमांत २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०. महाराष्ट्र २००६ मध्येच ५० वर पोचला होता, कारण २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेल्या नाल्यांचं खापर पिशव्यांवर फुटलं होतं. जाडीमागचा हिशेब साधा: पातळ पिशवी वेचून कचरावेचकाच्या हाती काही पडत नाही.

मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीतून दुधाची पिशवी सुटली, पण अटीवर. जाडी किमान ५० मायक्रॉन, आणि पिशवीवर किमान ५० पैसे ‘पुनर्खरेदी किंमत’ छापलेली. सगळा गोंधळ या शब्दाने घातला. पुनर्खरेदी म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या खिशातून माल परत घेणं. लोकांच्या आणि पुढे सरकारच्याही तोंडी मात्र ‘अनामत’ आलं, म्हणजे ५० पैसे आधी गिऱ्हाइकाने मोजायचे. जून २०१९ मध्ये विधिमंडळात अनामतीचीच घोषणा झाली. अर्ध्या लिटरची पिशवी अडीच-तीन ग्रॅमची धरली तर किलोत तीनशे-चारशे बसतात, म्हणजे किलोला दीड-दोनशे रुपये. रद्दीवाल्याने असा भाव स्वप्नातही दिला नसता. तो द्यायचा कोणी, पहाटे घरोघरी दूध टाकणाऱ्याने रिकाम्या पिशव्या मोजून घ्यायच्या का, आणि साठवायच्या कुठे? दूध संघांची कुरकुर अगदीच खोटी नव्हती. पण विकताना दारापर्यंत पोचणारी साखळी परत येताना एकाएकी अशक्य ठरावी, हेही पटत नाही.

योजना उंबऱ्यापर्यंत आलीच नाही. केंद्राने पुढे कॅरीबॅगची जाडी सप्टेंबर २०२१ अखेरीपासून ७५ आणि २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनवर नेली. दुधाची पिशवी रद्दीवाल्याकडेच राहिली. तिथेही ती धुतलेली, कोरडी असेल तरच भाव मिळतो. आंबूस, चिकट गठ्ठा तो बाजूला सारतो. कात्रीने उडवलेला कोपरा मात्र कुणीच मोजला नाही. तो सिंकमधून मोरीत जातो.