टाकीला भोक पाडण्याआधी

चार वर्षं सुरळीत चाललेली खाऱ्या पाण्याची टाकी मासे किंवा प्रवाळ चालवत नाहीत, ती चालवतात खडकांवर चिकटलेले जीवाणू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो; जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. यातला अमोनिया जहाल, नायट्रेट बरंच सौम्य. म्हणून खाली सम्प (भोकातून उतरलेलं पाणी जिथे जमतं आणि पंपानं परत वर चढतं, ती दुसरी टाकी) जोडायला टाकी उपसावी लागली, तर खडक सुकू देऊ नका. टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या टबात ते ठेवा आणि छोटा पंप चालू राहू द्या, कारण या जीवाणूंना प्राणवायू लागतो. तळाची जुनी, जाड थराची वाळू मात्र ढवळू नका. तिच्या काळ्या थरात हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो; सडक्या अंड्यांचा वास आलाच, तर मासे ताबडतोब दुसरीकडे हलवा.

आता काच. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेला भोक पाडायला गेलात तर तिचा क्षणात चुरा होतो. ओळखायची कशी? काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून, गॉगल थोडा फिरवत पाहा. गडद ठिपके-पट्टे दिसले तर काच टफन्ड आहे: तिच्यातला कोंडलेला ताण प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलतो, तेच हे डाग. मला हा प्रयोग फार आवडतो, एरवी न दिसणारा ताण डोळ्यांना दिसतो! साध्या काचेला डायमंड होल सॉ (हिऱ्याची कणी लावलेली, गोल भोक पाडणारी करवत) चालतो, पाण्याची धार सोडत, जोर न लावता. जोडणी सगळी पीव्हीसीची हवी. पितळी व्हॉल्व्ह नको, त्यातलं तांबं कोळंबी आणि प्रवाळांना मारतं.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबला की वर पाणी चढवणारा पाइपच उलटा सायफन होऊन, त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी खाली उपसत राहतो. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. ५ सेंटिमीटर म्हणजे २७ लिटर, जवळजवळ दोन बादल्या. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. प्लंबर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप सुचवतील, पण शेवाळाचा एक तुकडा त्यात अडकला की ती गळते. त्यापेक्षा पाइपचं तोंड पृष्ठभागाजवळच ठेवा. मग पंप मुद्दाम बंद करा, पाणी उतरायचं थांबेपर्यंत तिथेच बसून राहा आणि सम्पच्या काचेवर त्या पातळीला मार्करनं रेघ मारा. पंप पुन्हा सुरू केल्यावर पाणी जिथे स्थिरावेल, तिथे दुसरी. यापुढे पंप चालू असताना या दुसऱ्या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही.