फुगवण नको असलेलं द्राक्ष

बाजारातून काळी द्राक्षं आणलीत तर एक मणी नखानं सोलून बघा. आतला गर हिरवट-पांढरा निघतो, बोटं मात्र जांभळी होतात. थोडे अपवाद सोडले, तर काळ्या द्राक्षाचा रंग सालीतच असतो. म्हणून रेड वाइन करताना रस सालीसकट आंबवतात. रंग देणारी अँथोसायनिनं आणि जीभ आवळणारी टॅनिनं सालीतून रसात उतरायला वेळ लागतो.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या द्राक्ष बागायतदाराचा जीव कशात अडकलेला असतो? फुगवणीत, म्हणजे मणी मोठा करण्यात. जीएचं (जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचं) डिपिंग म्हणजे त्यात घड बुडवणं, विरळणी म्हणजे जादा मणी काढणं, पाण्याचं वेळापत्रक, सगळं त्यासाठी. मणी अठरा मिलिमीटरचा झाला की व्यापारी खूश. वाइनवाल्याला बारा मिलिमीटरचाच बरा वाटतो. व्यास दीडपट झाला की साल सव्वादोनपट वाढते, गर मात्र जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे तेवढ्याच रसामागे लहान मण्याला दीडपट साल.

डोंगरावर मणी आपसूकच लहान राहतो. कॅलिफोर्नियात वाइनसाठी प्रसिद्ध नापा खोऱ्याच्या वर हॉवेल माउंटन म्हणून वाइन-द्राक्षाचा भाग आहे. त्याची हद्द 1400 फुटांवर, म्हणजे साधारण 427 मीटरवर सुरू होते. हे वाचून मला हसूच आलं, कारण आपलं सोलापूर त्याहून थोडं उंच आहे, आणि सोलापूरला कुणी थंड हवेचं ठिकाण म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही! हॉवेल माउंटनवर नुसत्या उंचीला महत्त्व नाही. समुद्राकडून येणारं धुकं आणि रात्रीची गार, जड हवा खाली खोऱ्यात साचते; डोंगर त्याच्या वर उघडा राहतो. त्यामुळे दुपार खोऱ्यापेक्षा सौम्य, रात्र उबदार आणि सकाळपासून स्वच्छ ऊन. जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि खडकाची, पाणी न धरणारी. वेल तहानलेला राहतो, मणी बारीक, साल जाड.

अशा मण्याची वाइन कधीकधी इतकी तुरट होते की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड होतं. मग ब्लेंड करतात. टॅनिनवाल्या कॅबरने सोव्हिन्यां जातीला मऊ मर्लो, गडद रंगासाठी थोडी पेती व्हर्दो. मर्लो आधी पिकते, म्हणून जाती वेगवेगळ्या तोडून, वेगवेगळ्या आंबवून, नंतर चाखत चाखत मिसळतात. अमेरिकेत बाटलीवर एकाच जातीचं नाव टाकायचं तर ती किमान 75 टक्के असावी लागते. नसेल तर लेबलवर बहुधा 'रेड ब्लेंड' येतं. आपल्या जिल्ह्यात अकलूजकडेही सांजोवेझे आणि कॅबरने मिसळून वाइन होते. तिथला वेल मात्र थंडीत झोपत नाही, त्याला खरड (काड्या तयार करण्यासाठी) आणि गोडी (फळासाठी) अशा दोन छाटण्या लागतात.

गंमत अँथोसायनिनाचीच आहे. थॉमसन या खायच्या पांढऱ्या द्राक्षाच्या बागेत कडक थंडी पडली आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की मणी गुलाबी होतात. 'पिंक बेरी' आली की दर पडतो. रंग तोच, ज्याच्यासाठी डोंगरावरचे लोक घडाजवळची पानं काढून ऊन आत घेतात. इकडे आपण तो येऊ नये म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो.