बेटांच्या माळेकडे निघालेले, अजून पुरते न घडलेले वादळ

नोव्हेंबर संपत आलेला असतो. मराठवाड्यात कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर आलेली असते, हरभरा थंडीची वाट पाहत असतो आणि एका सकाळी आभाळ भरून येते. शेंगअळीच्या धास्तीने फवारणीचा हिशेब करणारा शेतकरी पारावर विचारतो, तेव्हा कोणीतरी सांगते, ‘कुठंतरी समुद्रात वादळ झालंय.’ हे उत्तर पुष्कळदा खरे असते. आपल्याला चार दिवसांचे ढग पाठवणारे ते वादळ ज्या ‘कुठंतरी’मधून गेलेले असते, तिथे मात्र माणसे राहत असतात, आणि ते त्यांच्या दिशेने येत असताना त्याविषयी काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हा हवामानशास्त्रातील फार अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

लक्षद्वीपचे उदाहरण घेऊ. अरबी समुद्रात साधारण 8 ते 12 अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान ही 36 बेटे विखुरलेली आहेत आणि त्यांपैकी 10 बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी. अगदी दक्षिणेकडचे मिनिकॉय बेट उरलेल्या बेटांपासून सुमारे 200 किलोमीटर अंतरावर एकटेच आहे. नारळाची झाडे, गळाने कुप्पा (ट्यूना मासा) पकडणारे मच्छीमार आणि 1885 मध्ये उभारलेले दीपगृह ही त्याची ओळख. जमीन समुद्रसपाटीपासून बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटरच उंच असल्यामुळे वादळ आले तर आत, उंचावर, दूर कुठे जाण्याची सोयच नाही.

चक्रीवादळ समजून घेताना आपल्या ओळखीच्या वावटळीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण दोहोंतील फरकच अधिक शिकवून जातो. एप्रिलमध्ये नांगरून पडलेल्या रानात उठणारी वावटळ तापलेल्या मातीवर जगते, कोणत्याही बाजूने फिरू शकते आणि थोड्याच वेळात विरून जाते. चक्रीवादळाचे इंधन मात्र पाण्याची वाफ हे आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि ही ऊब वरवरची नसून पन्नासएक मीटर खोलपर्यंत असेल, तर तिथून उठलेली वाफ उंचावर जाऊन ढगात रूपांतरित होताना आपला अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ होताना तिच्यात साठलेली उष्णता, हवेला देते. तापलेली हवा आणखी वर चढते, खाली दाब घटतो आणि ती उणीव भरून काढायला चहूकडून दमट वारे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे सरळ केंद्रात न शिरता वळतात, म्हणून उत्तर गोलार्धातील प्रत्येक चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा वळवणारा परिणाम फारच क्षीण असल्यामुळे साधारण 5 अंशांच्या आत वादळे क्वचितच जन्मतात.

एवढे सगळे जुळून आले तरी वादळ होईलच असे नाही. खालचे आणि वरचे वारे जर फार वेगवेगळ्या वेगाने किंवा दिशेने वाहत असतील, तर ढगांचा खांब तिरका होतो, त्याचा माथा एकीकडे वाहून जातो आणि पाया दुसरीकडे उघडा पडतो. मधल्या थरातील कोरडी हवाही ढगांना आतून सुकवते. म्हणूनच कमी दाबाची जितकी क्षेत्रे तयार होतात त्यांतली थोडीच पुढे वाढतात. भारतीय हवामान विभागाच्या मोजपट्टीनुसार वाऱ्याचा वेग ताशी 31 किलोमीटरच्या पुढे गेला की त्या प्रणालीला डिप्रेशन म्हणतात, 50 च्या आसपास डीप डिप्रेशन आणि 62 झाला की चक्रीवादळ. वृत्तपत्रात नाव छापून येते ते या शेवटच्या पायरीला. अंदाज वर्तवणाऱ्याची खरी कसोटी त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर लागते, कारण त्या वेळी प्रणालीचे केंद्र नेमके कुठे आहे हेच ठरलेले नसते.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण समुद्रावर मोजमाप करायला फारसे काही नसते. लक्षद्वीपमध्ये मिनिकॉय आणि अमिनी येथून फुगे सोडून हवेच्या वरच्या थरांतील दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजला जातो. समुद्रातील काही बोया, म्हणजे मोजमापाची तरंगती उपकरणे, आणि त्या बाजूने जाणारी जहाजे थोडी भर घालतात, मात्र वादळाचा सुगावा लागला की जहाजे वाट बदलतात, म्हणजे मोजमापाची गरज सर्वांत जास्त असते तिथेच ती नसतात. किनाऱ्यावरच्या रडारची किरणे सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे केरळच्या किनाऱ्यापासून 400 किलोमीटर दूर असलेल्या बेटावरच्या ढगांची फार तर शेंडी त्यांना दिसू शकते, वारे घोंगावतात तो खालचा भाग दिसत नाही. उरतात ते उपग्रह.

उपग्रहाच्या चित्रावरून वादळाची ताकद अजमावण्याची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने 1970 च्या दशकात बसवली आणि ती आजही जगभर वापरली जाते. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती वळला आहे, मधला दाट ढग किती मोठा आणि किती थंड आहे, डोळा दिसतो का, दिसत असल्यास तो भोवतालच्या ढगांपेक्षा किती उबदार आहे, हे ठरावीक क्रमाने पाहून विश्लेषक 1 ते 8 मधला एक ‘टी’ क्रमांक देतो. 1.5 म्हणजे डिप्रेशन, 2.5 म्हणजे चक्रीवादळ. वाऱ्याला हात न लावता, केवळ ढगांच्या आकारावरून त्याचा वेग सांगण्याची ही रीत मला विज्ञानातील मोठ्या धीराच्या कामांपैकी एक वाटते.

तरीही रात्र तिच्याही आड येते. अंधारात उपग्रह अवरक्त किरणांनी, म्हणजे तापमानातील फरकावरून पाहतो. खालचे ढग आणि समुद्र यांचे तापमान जवळपास सारखेच असल्याने खालच्या ढगांचे भोवरे चित्रात मिसळून जातात आणि वर दिसतो तो केवळ थंड, पांढरा, गोलसर ढग. विश्लेषक केंद्र त्याच्याखाली धरतो. सकाळी उजाडते, दृश्य प्रकाशातले पहिले चित्र येते आणि खालचा भोवरा त्या ढगाच्या बाहेर, कधी शंभरएक किलोमीटर बाजूला, उघडा पडलेला दिसतो. रात्रभर संगणकाला दिलेली सुरुवातच चुकलेली असते. ध्रुवीय कक्षेतून जाणाऱ्या उपग्रहांवरील सूक्ष्मलहरी उपकरणे ढगांच्या आत पाहू शकतात, आणि भारताच्या ओशनसॅट मालिकेतील स्कॅटरोमीटर समुद्रावरच्या बारीक तरंगांवरून रडारच्या लहरी परावर्तित करून वाऱ्याची दिशा व वेग काढतो. पण हे उपग्रह एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात आणि कधी नेमका वादळाचा अर्धा भाग त्यांच्या पट्ट्याबाहेर राहतो.

सुरुवातीची ही चूक पुढे काय करते, हे मी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर पाहिले आहे. कार्तिकात संध्याकाळी बायका द्रोणात दिवे लावून पात्रात सोडतात. एकाच पायरीवरून, वीतभर अंतराने सोडलेले पाच-सहा दिवे पहिले काही क्षण एकमेकांना चिकटूनच चालतात. मग एखादा धारेला लागतो आणि झपाट्याने पुढे जातो, एखादा काठाच्या संथ पाण्यात घुटमळतो, एखादा दगडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला निघतो. चक्रीवादळही असेच भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांच्या प्रवाहावर वाहते, स्वतःचा रस्ता स्वतः ठरवत नाही. म्हणून हवामान केंद्रे एकच गणित करून थांबत नाहीत. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचे युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत बारीक बारीक बदल करून तेच गणित 51 वेळा सोडवते. सगळे मार्ग एकत्र चालले तर विश्वास वाढतो. ते पांगले, तर पांगणे हीच बातमी असते.

आपल्या हवामान विभागाच्या नकाशावर वादळाच्या पुढे रुंदावत जाणारा जो शंकू दिसतो, तो ही अनिश्चितताच दाखवतो. पुष्कळ लोक त्याला वादळाचा आकार समजतात आणि शंकूबाहेर असलो म्हणजे सुटलो असे मानतात, ही चूक जिवावर बेतू शकते. मागच्या काही वर्षांत केंद्राची जागा सांगताना सरासरी किती चूक झाली, त्यावरून शंकूची रुंदी ठरते. त्यात केंद्र कुठे असू शकेल एवढेच आहे. वारे आणि पाऊस त्याच्या कितीतरी बाहेर पोहोचतात. अलीकडे 24 तास आधीच्या अंदाजात ही चूक सरासरी पाऊणशे-ऐंशी किलोमीटरपर्यंत खाली आली आहे, आणि ही मोठी प्रगती आहे. पण पाऊणशे किलोमीटर म्हणजे सरळ रेषेत अंबाजोगाई ते परभणी. लांबच लांब किनाऱ्यावर एवढ्या फरकाने एक तालुका वाचतो आणि शेजारचा सापडतो. जेमतेम दहा-अकरा किलोमीटर लांबीच्या मिनिकॉयसाठी हाच फरक म्हणजे झाडे मोडून पडणे आणि नुसता जोराचा वारा येऊन जाणे यांच्यातला असतो, कारण सर्वांत प्रखर वारे केंद्राभोवती थोड्याच किलोमीटरच्या कड्यात असतात.

शिवाय वादळ बेटाच्या कोणत्या बाजूने जाते, यालाही महत्त्व आहे. समजा वारे ताशी 80 किलोमीटरने गरगरत आहेत आणि वादळ स्वतः ताशी 20 किलोमीटरने पश्चिमेकडे सरकत आहे. त्याच्या वाटेच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या बाजूला हे दोन वेग मिळून सुमारे 100 होतात, तर डाव्या बाजूला 60 च उरतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उजवीकडच्या घराच्या छपरावर डावीकडच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट जोर येतो.

पाण्याचे गणित मात्र बेटांवर वेगळे असते आणि ते फारसे सांगितले जात नाही. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने घटला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर उचलला जातो. दाब खूप घटलेल्या वादळातही एवढ्याने फार तर हात-दीड हात पाणी चढेल. बंगालच्या उपसागराच्या उथळ किनाऱ्यावर कित्येक मीटरची लाट येते ती वाऱ्याने ढकललेले पाणी उथळ तळावर साचत गेल्यामुळे. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटाभोवती समुद्र एकदम खोल असतो, पाणी खालून निघून जाते आणि तशी भिंत उभी राहत नाही. पण त्याच खोल पाण्यातून लाटा आपली ताकद न गमावता थेट प्रवाळकड्यावर येऊन फुटतात आणि कड्याच्या आतल्या उथळ खाजणात पाणी भरत राहतात. म्हणून बेटांसाठी लाटांचा अंदाज वाऱ्याच्या अंदाजाइतकाच मोलाचा असतो. भारतात हे काम हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इनकॉइस, करते.

हे सारे 2017 च्या ओखी वादळात एकाच वेळी समोर आले. 29 नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ डिप्रेशन तयार झाले आणि 30 च्या सकाळी कन्याकुमारीच्या दक्षिणेला त्याचे चक्रीवादळ झाले. 1 डिसेंबरला लक्षद्वीपच्या परिसरात ते अतितीव्र बनले आणि पुढे त्यातील वारे ताशी 150 किलोमीटरच्या वर गेले. मार्ग फारसा चुकला नव्हता. वेग पकडण्याची घाई मात्र विलक्षण होती, आणि ताकद अशी झपाट्याने वाढणे आधी सांगणे हे मार्ग सांगण्यापेक्षा आजही कठीण आहे, कारण ते केंद्राजवळच्या काही किलोमीटरच्या ढगांत ठरते. केरळ व तमिळनाडूचे अनेक मच्छीमार तोवर खोल समुद्रात होते, मोबाइलच्या टप्प्याबाहेर होते आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. पुढे 2019 मध्ये इनकॉइसने उपग्रहामार्फत थेट होडीवर इशारा पोहोचवणारे जेमिनी उपकरण आणले.

वादळाला नाव मिळेपर्यंत थांबले तर बेटांसाठी उशीर झालेला असतो. म्हणून हवामान विभाग आता पुढच्या काही दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यताही शून्य, कमी, मध्यम किंवा जास्त अशा शब्दांत रोज कळवतो. ‘मध्यम’ हा शब्द बातमीत बसत नाही, त्यामुळे तो क्वचितच आपल्यापर्यंत येतो. पण होडी समुद्रात घालायची की किनाऱ्यावर ओढून ठेवायची, याचा निर्णय याच शब्दावर घ्यावा लागतो.

आपल्याकडेही हा शब्द उपयोगी पडला असता असे मला 2021 च्या सप्टेंबरअखेर वाटले. गुलाब वादळ 26 सप्टेंबरला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. हे गाव आणि लातूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, मध्ये अंतर सुमारे 800 किलोमीटर. वारे जमिनीवर येताच ओसरू लागले आणि बातम्यांतून वादळ संपले, पण वाफेने भरलेला तो भोवरा तेलंगण आणि विदर्भ ओलांडून पश्चिमेकडे सरकत राहिला. 27 आणि 28 तारखेला मराठवाड्यात तो असा कोसळला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची उभी सोयाबीन पाण्याखाली गेली. मी पाहिलेल्या एका शेतात कापून रचलेल्या बनिमीवर मेनकापड टाकलेले होते, दोर दगडांना पक्के बांधलेले होते, आणि पाणी खालून आले होते. तोच भोवरा पुढे अरबी समुद्रात उतरला, कोमट पाण्यावर पुन्हा उभा राहिला, 1 ऑक्टोबरला त्याला शाहीन हे नवे नाव मिळाले आणि 3 ऑक्टोबरला तो ओमानच्या किनाऱ्यावर धडकला.