जॉन डिअरचं मुख्यालय: गंजू दिलेल्या पोलादाची गोष्ट

जॉन डिअर हे नाव आपल्याकडे ट्रॅक्टरमुळे माहीत आहे. पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे आणि तो हिरवा-पिवळा रंग गावोगावी दिसतो. पण वास्तुरचनेच्या इतिहासात या कंपनीचं नाव घेतलं जातं ते तिच्या मुख्यालयासाठी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मोलिन गावाबाहेर १९६४ साली उघडलेली ही इमारत समजून घ्यायची तर सुरुवात नांगरापासून करावी लागते.

जॉन डिअर हा व्हरमाँटहून इलिनॉयला आलेला लोहार. तिथल्या गवताळ प्रदेशातली काळी माती बिडाच्या नांगराला इतकी चिकटायची की शेतकऱ्याला पावलापावलावर थांबून ती खरवडावी लागे. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चालून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८३७ साली डिअरने ग्रँड डीटूर या खेड्यात करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून नांगर घडवला. गुळगुळीत पोलादावरून माती आपोआप घसरत गेली. १८४८ साली त्याने बस्तान मिसिसिपीकाठी मोलिनला हलवलं आणि कंपनी तिथेच वाढली. पोलाद आणि माती यांचं हे नातं पुढे सव्वाशे वर्षांनी इमारतीत उतरलं.

१९५५ मध्ये विल्यम ह्युइट कंपनीचे अध्यक्ष झाले. डिअर घराण्याचे ते जावई. त्या काळात अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांना एक ठरावीक चेहरा येऊ लागला होता. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली लीव्हर हाउस उभं राहिलं, १९५८ साली सीग्रॅमचा मनोरा. काच, झळाळता धातू, काटेकोर चौकटी. साबणाच्या किंवा मद्याच्या कंपनीला ते शोभलंही. ह्युइट यांनी कंपनी मोलिनमध्येच, शेतीच्या मुलखातच ठेवली आणि १९५७ साली वास्तुविशारद एअरो सारिनेन यांना काम दिलं. डेट्रॉइटजवळचं जनरल मोटर्सचं विस्तीर्ण तंत्रकेंद्र सारिनेन यांनीच उभारलं होतं. ह्युइट यांची अपेक्षा स्पष्ट होती: इमारत आधुनिक हवी, पण मातीशी नातं सांगणारी आणि दणकट हवी. गिऱ्हाईक कोण आहे, याचा इतका नेमका विचार करणारा मालक वास्तुविशारदाला क्वचितच भेटतो.

तरी पहिला आराखडा फसला. सारिनेन यांनी आधी उलट्या पिरॅमिडसारखी काँक्रीटची वास्तू सुचवली आणि ती नाकारली गेली. मग त्यांनी जागेकडे पुन्हा पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर मिरवण्याऐवजी त्यांनी मुख्य इमारत दोन उंचवट्यांमधल्या घळीत आडवी बसवली, पुढे तळी केली आणि बाजूच्या इमारतीशी ती काचेच्या पुलाने जोडली. परिसराची रचना हिदेओ सासाकी यांच्या कचेरीने केली. तळ्यांचं पाणी वातानुकूलनासाठीही वापरलं जातं. शोभेची गोष्ट कामालाही जुंपायची, हा शेतकरी स्वभाव मला इथे फार भावतो.

खरं धाडस मात्र साहित्याच्या निवडीत होतं. शेतीची यंत्रं चकचकीत पत्र्याची नसतात, ती ठोकून घडवलेल्या लोखंडाची, जाडजूड, कामाच्या आकाराची असतात, हा सारिनेन यांचा विचार. म्हणून त्यांनी कॉर-टेन निवडलं. हे पोलाद १९३० च्या दशकात बाजारात आलं आणि रेल्वेच्या मालडब्यांसाठी वापरात होतं. त्यात तांबं, क्रोमियम अशा धातूंचा थोडा अंश असतो. त्यामुळे वर येणारा गंज घट्ट चिकटून बसतो, आतल्या धातूचं रक्षण करतो आणि रंग लावायची गरज उरत नाही. काही वर्षांत त्याचा नारिंगी रंग गडद तपकिरी होतो, थेट नांगरलेल्या जमिनीसारखा. इतक्या मोठ्या इमारतीचा सांगाडा या पोलादात उघडा ठेवण्याची ही पहिलीच वेळ. खिडक्यांबाहेर त्याच पोलादाच्या झडपा लावल्या. त्या आणि परावर्तक काचा मिळून ऊन अडवतात. त्यामुळे पडदे न ओढता बाहेरची झाडं दिसत राहतात.

१ सप्टेंबर १९६१ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, सारिनेन मेंदूच्या गाठीने गेले. काम पुरं केलं ते त्यांचे सहकारी केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू यांनी. प्रदर्शन-दालनात ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं मांडली गेली. तिथेच डिझायनर अलेक्झांडर जिरार्ड यांनी १८० फूट लांबीचं भिंतशिल्प केलं. त्यात १८३७ ते १९१८ या काळातली जुनी अवजारं, जाहिराती आणि घरगुती वापराच्या वस्तू जडवल्या आहेत.

मोलिननंतर हे पोलाद शहरांत पसरलं: १९६५ साली शिकागोच्या नागरी केंद्रात, १९७० साली पिट्सबर्गच्या यूएस स्टील मनोऱ्यात. त्याच्या मर्यादाही कळत गेल्या. ओलं होऊन सुकण्याचं चक्र चालू राहिलं तरच गंजाचा थर टिकतो. सांध्यात पाणी साचलं की पोलाद खात जातं आणि वरून ओघळणारं तांबूस पाणी खालच्या फरशीवर डाग पाडतं. १९७८ साली मोलिनला पश्चिमेकडचा नवा भाग जोडताना रोश आणि डिंकेलू यांनी तरीही तेच पोलाद घेतलं आणि त्या भागाच्या मध्यभागी काचेच्या छताखाली बाग लावली.