रत्नागिरी-सिंधुदुर्गची लोकसंख्या का घटली?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. कोकणातून माणसं पूर्वीपासूनच बाहेर पडत होती. तरीही आकडा वाढत राहायचा. मग या दशकात काय बदललं?

कोकणात पाऊस भरपूर, पण भाताचं पीक बहुतेक ठिकाणी एकच. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी. त्यातलंही बरंच खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या घरी जायचं. खोती कायद्यानं संपली ती १९४९ मध्ये. त्याच्या खूप आधी, १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली होती, आणि आगबोटींमुळे वेंगुर्ला-मालवणपासूनचा किनारा मुंबईला जोडला गेला. कोकणी माणूस गिरणीत शिरला.

पण शिरला तो एकटाच. परळ-लालबागच्या एका खोलीत गावचे दहा-बारा गडी राहायचे, खानावळीत जेवायचे आणि मनीऑर्डर गावी पाठवायचे. बायको, पोरं, म्हातारे आईवडील गावातच. २००१ मध्येही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. हा आकडा कौतुकानं सांगितला जातो, पण त्याचं मोठं कारण पुरुषांचं बाहेर असणं हे आहे. शेती, गुरं, आजारपणं, सगळं त्या बायकांनी ओढलं.

कोकण मुंबईच्या पैशावर जगलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. गिरणीचा पगार एका माणसाला पुरायचा, कुटुंबाला नाही. कामगाराची पोरं वाढवायची ती गावानं, आजारी पडला तर सांभाळायचं गावानं, निवृत्तीनंतरही गावानंच. तो खर्च गिरणीच्या हिशेबात कधी धरलाच गेला नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा कित्येकांनी तो काळ गावच्या तांदळावर काढला.

त्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि ही जुनी घडी मोडली. पुढची पिढी छोट्या नोकऱ्यांत, दुकानांत, रिक्षावर गेली. राहायला नालासोपारा, विरार, दिवा इथं. चाळीतली खोली दहा जणांची होती, इथली एका कुटुंबाची. पोरांची शाळाही तिकडेच. म्हणजे पूर्वी माणूस जायचा, आता घर जाऊ लागलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिनं गणपती-शिमग्याला येणं सोपं केलं, पण गावात रोजगार फारसा आणला नाही.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं शंभर टक्के अनुदान दिलं आणि उजाड डोंगरांवर काजू-आंबा उभा राहिला. आज त्यातल्या अनेक बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार आहेत. खालची भातखाचरं पडीक आहेत, कारण सातबारावर वीस-पंचवीस नावं आणि त्यातले बहुतेक मुंबईत. कसायला कोणी तयार झाला तरी सगळ्यांची संमती मिळवता मिळवता पेरणी निघून जाते.