पाव मिलिमीटर घासलं, तर किती पौंड गेले?

शेजारच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी तिच्या बाबांनी जुनं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य आणलं. पात्यांवर, म्हणजे लिम्बवर, छापलेलं 40 पौंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर; धनुष्याचं 'वजन' म्हणतात ते हेच. दोरी ओढताना पोरीचे खांदे कानाला लागायचे. मग कुणीतरी सुचवलं म्हणून बाबांनी एका पात्याची पाठ पॉलिश पेपरने घासली. मी त्यावरून बोट फिरवलं, तर काचतंतूंचं कुसळ बोटात घुसलं. "पाव मिलिमीटरच तर काढलंय," ते म्हणाले.

हे 'पावच' फार फसवं आहे. प्लास्टिकची फूटपट्टी घ्या, 3 सेंटिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. आता उभी धरून त्याच दिशेने वाकवून बघा. पट्टी तीच, प्लास्टिक तेवढंच, पण ताठरपणा शंभरपट!

याचं कारण असं. पातं वाकतं तेव्हा लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते आणि मधला थर ना ताणला जातो ना दाबला. जाडी दुप्पट केली तर तेवढ्याच बाकासाठी बाहेरचा थर दुप्पट ताणावा लागतो. ताणायचा मालही दुप्पट होतो. शिवाय तो मधल्या थरापासून दुप्पट लांब असल्याने त्याची तरफही दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो तो असा. समजा पातं 6 मिलिमीटर जाड आहे. एका बाजूने पूर्ण लांबीभर पाव मिलिमीटर काढलं की जाडी 4 टक्के घटते, ताठरपणा मात्र 12 टक्के. दोन्ही पाती तशी घासली तर 40 पौंडांचे 35 होतात.

आणि हा हिशेब पातं एकाच मालाचं असल्याचा. खरं पातं म्हणजे मध्ये लाकूड किंवा फोम आणि दोन्ही अंगांना काचतंतूचे किंवा कार्बनचे थर. सगळ्यात ताठ माल सगळ्यात बाहेर, म्हणजे पॉलिश पेपर नेमका त्यावरच चालतो. घट 12 टक्क्यांहून जास्त होते, आणि तुटलेले तंतू ताणाखाली उकलत जातात.

म्हणून जुन्या धनुष्याचं वजन उतरवणारे कारागीर कडा घासतात. रुंदीचा हिशेब सरळ आहे: 10 टक्के रुंदी गेली की वजनही साधारण 10 टक्के जातं. पण इथेही घन आडवा येतोच. पात्याचा बाजूच्या दिशेचा ताठरपणा रुंदीच्या घनावर चालतो, तो 27 टक्के घटतो. मग पातं पिळ खातं आणि दोरी मधली रेघ सोडते. काचेची धूळ फुफ्फुसात जाते ती वेगळीच. मास्कशिवाय याला हात लावू नये.

पातं उन्हात ठेवलं की नरम पडतं, असंही सांगतात. नरम पडतो तो थर जोडणारा गोंद. थर सुटलेलं पातं ओढताना तोंडावर फुटू शकतं. आणि जास्त पौंड ओढतो तो मोठा तिरंदाज, ही शिवधनुष्याच्या काळातली समजूत आतातरी सोडावी. वाढत्या वयाच्या खांद्यांना ती महाग पडते.

छापलेला आकडा असतो 28 इंच ओढीचा. या वजनाच्या धनुष्यात एक इंच कमी ओढलं की साधारण दोन पौंड उतरतात. या मुलीची ओढ 25 इंच, म्हणजे तिच्या बोटांवर येत होते सुमारे 34. ज्या रायझरवर, म्हणजे मुठीच्या मधल्या भागावर, पाती बोल्टने बसतात, तिथे बोल्ट कंपनीने आखलेल्या मर्यादेत सैल करून आणखी पाचदहा टक्के उतरवता येतात. दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे आणि वरच्या-खालच्या पात्याच्या दोरीपासूनच्या अंतरांतला फरक, म्हणजे टिलर, पुन्हा मोजायचा.

सगळं करूनही तिच्यासाठी तीसच्या आसपास राहिले असते, आणि घासलेल्या पात्यावर दोरी चढवायला मी नाहीच म्हटलं. रायझर चांगला होता, तो ठेवला आणि 20 पौंडांची पाती बसवली. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून 25 इंचांवर ओढलं: सतरा.