'विहीर' कशाला म्हणायचं? नाशिकमधल्या भूजल-प्रदूषण तपासाची पार्श्वभूमी

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या प्लॉटखालच्या पाण्यात क्रोमियम उतरलंय का हे पाहायचं, तर तीन-चार निरीक्षण बोअर घ्यावेच लागतात. बोअरची गाडी एका दिवसात येते. महिने जातात ते परवानगीत, आणि तिथला बराचसा घोळ 'विहीर' या एका शब्दाचा आहे.

१९७२ च्या दुष्काळाआधी जिल्ह्याचं भूजल म्हणजे आड आणि बांधीव विहिरी. दुष्काळानंतर बोअरच्या गाड्या आल्या, आणि राज्याने निवडक विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजायला घेतली. त्यातल्या बहुतेक विहिरी शेतकऱ्यांच्या, रोजच्या वापरातल्या. तेव्हाची चिंता पाणी किती उरलं ही होती, त्यात काय मिसळलं ही नव्हती. १९९५ नंतरच्या जलविज्ञान प्रकल्पात पिझोमीटर, म्हणजे खास मोजणीसाठीचे बोअर, आले, तेही मुख्यतः पातळीसाठीच.

खरी गाठ पडली १९९३ च्या भूजल अधिनियमात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर त्याने बंधन आणलं. भूजलाच्या शोधासाठी किंवा उपशासाठी खोदलेली ती विहीर, अशी व्याख्या झाली आणि बोअरही तिच्यात आला. शास्त्रीय तपासासाठी केंद्र किंवा राज्य शासनाने खोदलेली विहीर मात्र वगळली. म्हणजे सूट मिळाली ती खोदणाऱ्याला, कामाला नाही. तोच बोअर, तितकाच खोल, पण कारखान्याने स्वखर्चाने घेतला की तो 'विहीर' ठरू शकतो. २००९ चा अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. त्यातली शेती-उद्योगासाठीची ६० मीटरची खोलीमर्यादा इथे क्वचितच आड येते, व्याख्येचा प्रश्न मात्र रोज येतो. निरीक्षण बोअरला असं 'विहीर' धरणं चुकीचं आहे. आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत १० मीटर पाणी उभं असेल तर ते जेमतेम २० लिटर भरतं. नमुन्याआधी त्याच्या तिप्पट, म्हणजे ६० लिटर उपसलं तरी कुणाच्या नळाला धक्का लागत नाही. उलट पिण्याचा स्रोत जितका जवळ, तितका तपास निकडीचा. म्हणून अर्जात 'निरीक्षण, उपसा नाही' असं स्पष्ट लिहावं आणि व्यास, खोली, सीलचा आराखडा, काम संपल्यावर बोअर बुजवण्याची पद्धत हे सगळं सोबत जोडावं.

भूजल-उपशाबाबतच्या २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गुंता वाढवला. उपसा करणाऱ्या उद्योगाने बसवायचा पिझोमीटर उपशाच्या बोअरपासून किमान ५० मीटरवर, ४ ते ६ इंची आणि त्या बोअरइतकाच खोल हवा. पातळी मोजायला हे ठीक. पण अनेक ठिकाणी तोच पिझोमीटर प्रदूषणाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. नाशिकच्या काळ्या दगडात वर मुरूम, खाली मांजऱ्या (मऊ खडक), मग कातळ आणि त्यातल्या भेगा. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा चढवायच्या, टाकीतून झिरपलेलं पाणी आधी मुरमात आणि वरच्या भेगांत सापडतं. समजा १४ मीटरवरच्या भेगेत लिटरमागे ०.३० मिलिग्रॅम क्रोमियम आहे आणि बोअरमधलं एक दशांशच पाणी त्या भेगेतून येतं. बाकीचं पाणी स्वच्छ असेल तर मिसळून आकडा ०.०३ येतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५, म्हणजे अहवाल निर्दोष! शिवाय असा उघडा खोल बोअर वरची घाण खालच्या थरात पोचवतो.

योग्य निरीक्षण बोअर म्हणजे साडेसहा इंची भोक, त्यात ६३ मिलिमीटरची पीव्हीसी नळी आणि पाणी आत घेणारी जाळी फक्त संशयित थरासमोर. भोवती धुतलेली बारीक खडी जाळीच्या अर्धा मीटर वरपर्यंत, त्यावर मीटरभर बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बंद करणारी माती), मग जमिनीपर्यंत सिमेंटचा घोळ. नळ्या चुडीने, म्हणजे आट्यांनी, जोडाव्यात. चिकटवायचं सोल्युशन लावलं की त्याचीच रसायनं नमुन्यात उतरतात. खोदाईतलं कॉम्प्रेसरचं तेल आणि फेसाचा साबणही तसाच घात करतात.

मोजणीतली चूक सहसा नळीच्या काठावर होते. पाण्याची दिशा कळायला एका रेषेत नसलेले किमान तीन बोअर लागतात आणि प्रत्येकाच्या काठाची आर.एल. (एका ठरावीक पातळीपासूनची उंची) लेव्हल यंत्राने काढावी लागते. उंची मोजण्याची फेरी निघालेल्या बिंदूवरच बंद करायची. किलोमीटरच्या फेरीत फरक १२ मिलिमीटरच्या आत हवा. एकमेकांपासून ६० मीटरवरच्या दोन बोअरच्या पाणीपातळीत १० सेंटिमीटरचाच फरक असेल, तर ५ सेंटिमीटरच्या चुकीने दिशेचा बाण शेजारच्या प्लॉटकडे वळतो. एकदा जमिनीपासून, एकदा काठापासून मोजलं की नेमकं हेच होतं. काठाला खाच पाडून कायम तिथूनच मोजावं.

उघड्या बोअरमध्ये मुलं पडू लागल्यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आले: खोदाईआधी १५ दिवस लेखी सूचना, नोंदणीकृत गाडी, फलक, कुंपण, तोंडाभोवती सिमेंटचा ओटा आणि घट्ट झाकण. निरीक्षण बोअरनाही हे पाळावं. वसाहतीबाहेर सातबारा आणि मालकाची लेखी संमती, रस्त्याकडेला खोदाईची वेगळी परवानगी. केबल आणि पाण्याच्या लाइनी नकाशावर नेहमीच खऱ्या जागी नसतात, म्हणून पहिला दीड मीटर हातानेच खणायचा.

नमुना घेतानाची एक चूक सगळी मेहनत वाया घालवते. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. तेच षट्संयुजी, म्हणजे विषारी रूपातल्या, क्रोमियमच्या बाटलीत पडलं तर त्याचं कमी विषारी त्रिसंयुजी होतं आणि अहवालात विष दिसतच नाही. ही बाटली वेगळी, जागेवर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून भरलेली, बर्फात ठेवलेली, आणि २४ तासांत प्रयोगशाळेत तपासलेली हवी.

जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम आले. संशयित जागेची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत, त्यापुढे तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही पातळ्या त्या सहा महिन्यांत बसवणं अवघड आहे. जागा नोव्हेंबरमध्ये यादीत आली, तर मुदत मेमध्ये संपते आणि मुरमात पाणी भरलेला ऑक्टोबर हातातून निसटलेला असतो.